ट्रायल रस्त्यावर घ्या

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला पंधरावा नियम एकदा सवडीनं वाचावा. गाडी चालवण्याच्या परीक्षेत उमेदवाराला काय काय करून दाखवता आलं पाहिजे, याची लांबलचक यादी त्यात आहे. मागचं दाखवणारा आरसा नीट लावणं, इंजिन सुरू करण्यापूर्वीची खबरदारी, सफाईनं निघणं, पुढचं वाहन ओलांडणं, समोरच्याला वाट देणं, डावी-उजवी वळणं, उतारावर झटकन खालचा गिअर टाकणं, तीव्र चढावर थांबून गाडी मागे घरंगळू न देता पुन्हा निघणं, हाताचे इशारे, रस्त्यावरच्या चिन्हांप्रमाणे वागणं. यादी संपते तेव्हा वाटतं, ज्याच्या खिशात परवाना आहे तो माणूस पावसाळ्यात आंबेनळी घाटातही निर्धास्त गाडी घालत असेल.

महाराष्ट्रातल्या पुष्कळांना आठवणारी ट्रायल मात्र अशी असते. सकाळी मैदानाबाहेर क्लासच्या गाड्यांची रांग. उमेदवार एकामागून एक स्टिअरिंगवर बसतात. डावीकडे क्लासचे सर, त्यांच्या पायाशी जादा क्लच आणि ब्रेक. गाडी थोडी पुढे, थोडी मागे, फार तर एक आठचा आकडा. ‘झालं, उतरा, पुढचा या.’ कुठे निरीक्षक गाडीत बसतो, कुठे लांबून बघतो. काही मिनिटांचा मामला. ना सिग्नल, ना चौक, ना रस्ता ओलांडणाऱ्या आजी, ना उलट बाजूनं येणारी दुचाकी. आणि या काही मिनिटांच्या जोरावर माणसाला त्याच संध्याकाळी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जाण्याची कायदेशीर मुभा मिळते.

यात भ्रष्टाचार किती आणि आळस किती, यावर गप्पा पुष्कळ होतात. त्याचं शास्त्रशुद्ध मोजमाप दिल्लीत झालं आहे. मारियान बर्ट्रांड, सिमियन जान्कोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लाईनाथन या चार अर्थशास्त्रज्ञांनी २००४-०५ मध्ये परवाना काढायला आलेल्या ८२२ जणांवर एक प्रयोग केला. उमेदवारांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाला सांगितलं, ३२ दिवसांत परवाना मिळवलात तर २,००० रुपये बक्षीस. (कच्च्या लायसन्सनंतर कायद्यानं ३० दिवस थांबावंच लागतं, म्हणजे घाई जमेल तेवढी.) दुसऱ्या गटाला गाडी शिकण्याचे तास फुकट दिले. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. परवाना मिळाल्यावर अचानक सगळ्यांची स्वतंत्र परीक्षा घेतली, खरोखर गाडी येते का ते बघायला.

निकाल २००७ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये छापून आला. परवाना मिळालेल्या दर दहा जणांतल्या सुमारे सात जणांनी सरकारी ट्रायल दिलीच नव्हती. दहातल्या सहा जणांना गाडी धड चालवता येत नव्हती. ठरलेलं शुल्क ४५० रुपये होतं, लोकांनी सरासरी मोजले सुमारे १,१२० रुपये. वरचा बराचसा पैसा एजंटाकडे गेला. बक्षिसाच्या गटाला परवाने जास्त मिळाले, लवकर मिळाले आणि गाडी न येणारेही त्याच गटात जास्त निघाले. सगळ्यांत बोलकी गोष्ट वेगळीच होती. संशोधकांनी एजंटांना निरनिराळ्या अडचणी सांगून पाहिल्या. गाडी येत नाही, ही अडचण एजंटांच्या लेखी अडचणच नव्हती. राहण्याचा किंवा वयाचा पुरावा नाही म्हटलं की मात्र त्यांचे हात थोडे आखडत. म्हणजे कागद तपासला जात होता, माणूस नव्हे.

आणि जे एजंटाकडे गेले नाहीत, सरळ रांगेत उभे राहिले, त्यांचं काय? त्यांतले बरेच जण पहिल्या खेपेला नापास झाले. चांगली गाडी येणारेही झाले. नापास होण्याचा गाडी येण्या-न येण्याशी फारसा संबंधच सापडला नाही. हा निष्कर्ष सुधारणावाद्यांनी नीट वाचायला हवा. ‘परीक्षा कडक करा’ ही आपली आवडती मागणी. पण निकाल मनमानी लागत असेल, तर कडक परीक्षेनं एजंटाचा भाव तेवढा वाढतो. प्रामाणिक माणूस दुसऱ्यांदा नापास झाला की तोही एजंटाकडे वळतो.

हा प्रयोग वीस वर्षांपूर्वीचा, तोही दिल्लीचा, असं म्हणून बाजूला सारता येईल. मध्यंतरी ‘सारथी’ पोर्टल आलं, वेळ ऑनलाइन मिळू लागली, महाराष्ट्रात २०२१ पासून कच्च्या लायसन्सची परीक्षा घरी बसूनही देता येते. खिडकीवरची गर्दी कमी झाली, हे मान्यच केलं पाहिजे. पण सोय झाली ती अर्जाची. रस्ते सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशननं २०१७ मध्ये दहा शहरांत केलेल्या पाहणीत ५९ टक्के लोकांनी ट्रायल न देताच परवाना मिळाल्याचं सांगितलं होतं. आणि देशातले जवळपास तीस टक्के परवाने बोगस आहेत, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीच अनेकदा जाहीरपणे म्हटलं आहे. ते विरोधी पक्षात नाहीत.

ट्रायल कशी आहे, यावर शिकवणी कशी होणार ते ठरतं. दहावीच्या वर्गात जसं ‘हे परीक्षेला येत नाही’ म्हटलं की पोरं पान उलटतात, तसंच मोटार ट्रेनिंग स्कूलचं होतं. वास्तविक याच नियमावलीत क्लासनं खासगी गाडीसाठी किमान २१ दिवस शिकवावं आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास द्यावेत, असं आहे. शिकवणारा दहावी पास हवा, त्याला किमान पाच वर्षं गाडी चालवण्याचा अनुभव हवा. कागद पक्का आहे. व्यवहारात ‘लायसन्ससकट’ पॅकेजमध्ये रोजची अर्ध्या तासाची फेरी असते. एका गाडीत दोन-तीन शिकाऊ बसतात आणि आळीपाळीनं स्टिअरिंग घेतात. सर चांगले असतात, जीव तोडून शिकवतात, ‘हाफ क्लच, हाफ क्लच’ म्हणून घसा कोरडा करतात. पण गाडी तिसऱ्या गिअरच्या वर फारशी जात नाही. सोसायटीमागचा रस्ता, बाजारपेठेची बाहेरची बाजू, मग मैदान. रात्री चालवणं नाही, पावसात नाही, घाटात नाही, महामार्गावर तर नाहीच.

हेच शिकाऊ पुढच्या महिन्यात समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगानं जातात. तिथे शंभरच्या पुढे गाडी थांबायला किती अंतर लागतं, सरळसोट रस्त्यावर तासाभरानं डोळे का जड होतात, टायर फुटला तर ब्रेक का दाबू नये, लेन बदलताना आरशात न दिसणारी जागा कुठली, यातलं काही त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. अरुंद घाटरस्त्यावर चढून येणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यायची, हा साधा नियम कितीजणांना ठाऊक आहे? वर्षानुवर्षं गाडी चालवणारे लोकही घाटात हॉर्न वाजवून हा प्रश्न सोडवतात.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू केंद्र सरकारच्या अहवालात अतिवेगाच्या खात्यावर आहेत. एकट्या महाराष्ट्रात पंधरा हजारांहून अधिक जीव गेले. या सगळ्याचं खापर ट्रायलवर फोडता येणार नाही. खराब वळणं, दिवे नसलेले दुभाजक, महामार्गाच्या कडेला उभे ट्रक, हेल्मेटचा कंटाळा, दारू, सगळ्यांचा वाटा आहे. पण ज्या वेगाशी इतके मृत्यू जोडले जातात, तो वेग शिकवण्यातही नाही आणि तपासण्यातही नाही, हे डोळ्याआड करता येत नाही.

दुचाकीची तर गोष्टच वेगळी. मरणाऱ्यांत साधारण ४४ टक्के लोक दुचाकीवरचे. आणि दुचाकी शिकवायला आपल्याकडे क्लास जवळजवळ नाहीच. भाऊ, मामा, नाहीतर कॉलेजातला मित्र शिकवतो. ट्रायलला पाय न टेकवता आठचा आकडा काढला की झालं. तोल सांभाळता येतो एवढंच त्यानं कळतं. ट्रकच्या डाव्या बाजूनं का घुसू नये, वाळूवर पुढचा ब्रेक का दाबू नये, हे त्या आकड्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याची दुरुस्ती २०१९ मध्ये झाली, विनापरवाना चालवण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपये झाला. दंड दहापट झाला, आठचा आकडा होता तसाच राहिला.

आता थोडं मोठ्या गाड्यांकडे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निर्वाळा दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू किंवा प्रवासी वाहनही, वेगळी नोंद न करता, चालवू शकते. न्यायालयापुढचा प्रश्न विम्याच्या भरपाईचा आणि चालकांच्या पोटापाण्याचा होता, आणि त्या बाजूनं निकाल समजण्यासारखा आहे. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की छोट्या हॅचबॅकमध्ये बसून मैदानात मागेपुढे केलेल्या माणसाला साडेसात टनांचा भरलेला टेम्पो चालवायला कायद्याची हरकत नाही. गंमत अशी की दुचाकीत आपण गिअरवाली आणि बिनगिअरची असा भेद करतो. मोटारीत तो नाही. स्वयंचलित गिअरच्या गाडीवर ट्रायल दिलेला उद्या क्लचवाली गाडी घेऊन निघाला तरी कायदा काही विचारत नाही.

उलटा प्रवासही तितकाच धोक्याचा असतो. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टच्या ताफ्यातली विजेवरची बस गर्दीत घुसली आणि किमान सात जणांचा बळी गेला. बसचा चालक वर्षानुवर्षं क्लचच्या गाड्या चालवत होता. या स्वयंचलित बसचं प्रशिक्षण त्याला मोजकेच दिवस मिळालं होतं, असं तपासात पुढं आलं. दोष कुणाचा हे न्यायालय ठरवील. पण परवाना एकदा मिळाला की माणूस कुठलीही गाडी, कुठल्याही रस्त्यावर चालवायला तयार आहे असं धरून चालण्याची आपली सवय त्या रात्री फार महाग पडली.

तिकडे विलायतेत परवान्याची परीक्षा १ जून १९३५ पासून सक्तीची आहे. आज ती साधारण चाळीस मिनिटांची असते आणि सगळी उघड्या रस्त्यावर होते. वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचून सुरुवात. मग गावातले रस्ते, चौक, गोल चौक, वेगवान रस्ता. वीसेक मिनिटं परीक्षक गप्प बसतो आणि उमेदवारानं दिशादर्शकाच्या किंवा पाट्यांच्या आधारे आपली वाट काढायची. बारीकसारीक चुका पंधरापर्यंत चालतात. एक गंभीर चूक झाली की नापास. आरसा न बघता लेन बदलली आणि मागच्याला ब्रेक मारावा लागला, तर ती एक पुरते. जवळपास निम्मे उमेदवार पहिल्या-दुसऱ्या खेपेला आपटी खातात. शेवटी चुकांची यादी हातात मिळते.

या परीक्षेशी मराठी माणसाचा संबंध रोजचा आहे. भारतीय परवान्यावर तिथे स्थायिक झालेल्याला बारा महिनेच गाडी चालवता येते. ज्या देशांचा परवाना तिथे थेट बदलून मिळतो, त्यांच्या यादीत भारत नाही. म्हणून पुण्या-नाशिकहून गेलेले, इथे दहा-दहा वर्षं गाडी हाकलेले अभियंते तिथे पुन्हा शिकाऊ होतात. लाल ‘एल’ लावून ताशी पैसे मोजतात, आणि दर वळणाआधी आरसा-इंडिकेटर-वळण हा क्रम अंगात मुरवतात. जर्मनीत तर भारतीय परवान्याची मुदत सहाच महिने. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा. घरी फोनवर त्याची चेष्टा होते, ‘काय रे, अजून पास नाही झालास?’ हीच माणसं सुट्टीवर आली की रिंगरोडवर कोणालाही इंडिकेटर देत नाहीत, हा भाग निराळा.

ब्रिटनचं सगळं गोड आहे असं नव्हे. करोनानंतर तिथे परीक्षेच्या तारखेसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतंय, तारखा आधीच अडवून चढ्या दरानं विकण्याचा धंदाही सुरू झाला. खऱ्या परीक्षेला वेळ लागतो, माणसं लागतात. वीस मिनिटांची रस्त्यावरची ट्रायल घ्यायची तर एक निरीक्षक दिवसात जेमतेम अठरा-वीस उमेदवार तपासेल. आपल्याकडे आज याहून कितीतरी पट जास्त उरकले जातात.

केरळनं हे गणित उघड्यावर मांडलं. तिथले तेव्हाचे परिवहनमंत्री के. बी. गणेश कुमार यांनी २०२४ च्या सुरुवातीला ट्रायलचे नियम बदलले. जुन्या ‘एच’ आकारापलीकडे जाऊन चढ, अरुंद जागेत गाडी लावणं, नागमोडी वळणं आणि रस्त्यावरची परीक्षा आणली. जादा पेडलवाल्या गाड्या ट्रायलमधून काढायचं ठरवलं. दिवसाच्या ट्रायलींवर मर्यादा घातली. दिवसाला शंभरावर उमेदवार पास करणाऱ्या निरीक्षकांना बोलावून, ‘आता आमच्यासमोर घेऊन दाखवा’ असंही सांगितलं गेलं. शंभर ट्रायली सहा तासांत म्हणजे एकेकाला साडेतीन मिनिटं. मे महिन्यात ड्रायव्हिंग स्कूलवाले संपावर गेले, ट्रायली बंद पडल्या, सरकारला ३० ची मर्यादा ४० वर न्यावी लागली आणि काही अटी ढिल्या कराव्या लागल्या. वाद उच्च न्यायालयातही गेला. स्कूलवाल्यांची सगळीच तक्रार खोटी नव्हती. नवी मैदानं कोण बांधणार, याचं उत्तर सरकारनं आधी द्यायला हवं होतं.

महाराष्ट्रात उत्तर म्हणून बहुधा यंत्राकडे बोट दाखवलं जातं. सेन्सर आणि कॅमेरे बसवलेले ट्रॅक. ते हवेतच, कारण यंत्राला चिरीमिरी देता येत नाही आणि निकालाचं चित्रीकरण मागे राहतं. पण ट्रॅकवरचा सेन्सर रेषेला चाक लागलं का एवढंच सांगतो. शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर पोरगं धावत येईल हा अंदाज उमेदवाराला आहे का, हे त्याला कळत नाही. ट्रॅक ही पहिली पायरी ठेवावी. तीवरून पास झालेल्याला रस्त्यावर न्यावं.

केंद्राची २०२१ ची योजना याच्या बरोबर उलट टोकाला आहे. त्या वर्षीच्या १ जुलैपासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची तरतूद झाली. हलक्या गाडीसाठी चार आठवडे, २९ तास, त्यांत २१ तास प्रत्यक्ष चालवणं. अभ्यासक्रम उत्तम आहे. पण तिथून प्रमाणपत्र घेतलेल्याला आरटीओच्या ट्रायलमधून सूट! ज्यानं फी घेऊन शिकवलं त्यानंच पास म्हणून शिक्का मारायचा. ही सूट काढून टाकली पाहिजे. २९ तास खरोखर शिकवणाऱ्या केंद्राला बाहेरच्या परीक्षकाची भीती वाटण्याचं कारण नाही.

कडक ट्रायलनं गरिबाचं नुकसान होतं, परवाना ही कुणाची रोजीरोटी असते, हा आक्षेप येतो आणि तो मनापासून असतो. पण आजच्या पद्धतीत सर्वांत जास्त पैसा कोण मोजतो? सरकारी शुल्क पाहिलं तर कच्च्या लायसन्सला १५० आणि परीक्षेचे ५०, ट्रायलचे ३००, परवान्याचे २००. एवढ्यात काम व्हायला हवं. ज्याला सुट्टी टाकून तीनदा हेलपाटे घालणं परवडत नाही, तो रिक्षावाला किंवा डिलिव्हरीवालाच एजंटाला वरचे पैसे देतो. नापास केलं तर कारण लिहून द्या, चित्रीकरण दाखवा, पुढची तारीख तिथेच द्या. कायद्यानं सात दिवसांनी पुन्हा ट्रायल देता येते. गरिबाला मदत या मार्गानं होते. गाडी न शिकवता परवाना देणं ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नाही, कारण उद्या अपघात झाला तर कोठडीत तोच असतो.

तेव्हा परिवहन खात्याकडे मागणं तीन गोष्टींचं आहे: निरीक्षकांची रिक्त पदं भरून रस्त्यावरची वीस मिनिटांची ट्रायल, तिचं चित्रीकरण, आणि नापासाचं लेखी कारण. सुरुवात दोन-चार कार्यालयांपासून केली तरी चालेल.

आणि वाचकांसाठी, विशेषतः ज्यांच्या घरातलं कुणी या सुट्टीत क्लास लावणार आहे त्यांच्यासाठी, एक व्यवहाराची गोष्ट. प्रत्येक मोटार ट्रेनिंग स्कूलला ‘नमुना १५’ नावाची नोंदवही ठेवणं बंधनकारक आहे. शिकाऊ माणसानं कोणत्या तारखेला किती ते किती वाजेपर्यंत गाडी चालवली हे तीत लिहितात आणि त्यापुढे शिकवणाऱ्याची आणि शिकणाऱ्याची सही असते. पैसे भरतानाच ती वही दाखवायला सांगा. रोज घरी येण्यापूर्वी सही करा, न चालवलेल्या वेळेवर करू नका. दहा तास भरले नसतील तर ट्रायलची तारीख पुढे ढकला.